सपाट पाठ, खोलगट पाठ

"मावशी, माझा कणा सरळ झालाय."

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे ऐकून खरं तर बरं वाटायला हवं. जन्मभर आपल्याला हेच तर सांगितलेलं असतं. ताठ बस, पोक काढू नकोस, पाठ सरळ ठेव. पण फोनवरचा आवाज रडकुंडीला आलेला. भाचा माझा, वय एकतीस, बंगळुरात मारतहळ्ळीला दोन मित्रांबरोबर राहतो. पंधरा दिवस कंबर धरली होती म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून थेट एमआरआय काढून आला. रिपोर्टाची पहिलीच ओळ अशी की कमरेच्या कण्याचा नैसर्गिक बाक नाहीसा होऊन कणा सरळ झाला आहे, स्नायू आखडल्यामुळे असावं. त्यानं त्या कागदाचा फोटो कोल्हापूरला आईला पाठवला, आईनं तो शेजाऱ्यांना दाखवला, आणि दिवेलागणीपर्यंत "पोराच्या मणक्यात गॅप आलाय, ऑपरेशन सांगितलंय" इथवर मजल गेली. ऑपरेशनचं नाव कुणीही काढलेलं नव्हतं.

मी बंगळुरात फिजिओथेरपी करते, वीसेक वर्षं झाली. ही ओळ मी इतक्या रिपोर्टांत वाचली आहे की आता कागद उलगडायच्या आधीच अंदाज येतो. आणि दर वेळी समोरचा माणूस एकच प्रश्न विचारतो, "म्हणजे किती बाक असायला हवा होता?" हा लेख त्या प्रश्नासाठी.

आधी हा बाक आहे तरी काय ते पाहू. उभ्या माणसाकडे बाजूनं पाहिलं तर मान आत, पाठ बाहेर, कंबर पुन्हा आत अशी कण्याची नागमोड दिसते. कमरेतल्या आतल्या वळणाला डॉक्टर लॉर्डोसिस म्हणतात. ऐकायला रोगाचं नाव वाटतं, पण तो रोग नाही. वळणाचं नाव आहे. तान्ह्या बाळाला हे वळण जवळजवळ नसतंच, त्याची अख्खी पाठ पाळण्यातल्या झोळीसारखी एकाच दिशेला वाकलेली असते. बाळ मान धरतं तेव्हा मानेतलं वळण दिसू लागतं. ते बसायला, उभं राहायला, चालायला लागतं तेव्हा कमरेतलं. पुढं वाढीच्या वयात ते हळूहळू वाढत जातं.

कमरेचे मणके पाच. त्यांच्या मधल्या चकत्यांना आपण गादी म्हणतो. तळाचा मणका आणि त्याखालची गादी पुढून जाड, मागून पातळ असतात. पाचर मारल्यासारख्या. त्यामुळे कमरेच्या वळणाचा मोठा हिस्सा, साधारण दोन तृतीयांश, अगदी खालच्या दोन टप्प्यांतच असतो. आपण हात लावून जिथं खळगा शोधतो ती जागा बरीचदा त्याच्या वर असते.

आता आकडे. एक्स-रेवर पहिल्या कंबरमणक्याच्या वरच्या कडेला एक रेघ आणि कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या, म्हणजे त्रिकास्थीच्या, माथ्याला दुसरी रेघ ओढतात. दोन रेघांमधला कोन म्हणजे कमरेचा बाक. २००५ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ३०० धडधाकट माणसांचे उभ्यानं काढलेले एक्स-रे असे मोजले. यांच्यापैकी कुणाचीच कंबर दुखत नव्हती. सरासरी निघाली ६० अंशांच्या आसपास. पण सरासरीपेक्षा तिच्या दोन्ही टोकांकडे पाहा. एका टोकाला ३० अंशांच्या जवळपासचे लोक, दुसऱ्या टोकाला ९० च्या जवळपासचे. म्हणजे एका निरोगी माणसाचा बाक दुसऱ्या निरोगी माणसाच्या जवळजवळ तिप्पट. उंचीत असा फरक असता तर एकाच घरात पाच फुटांचा एक आणि पंधरा फुटांचा दुसरा भाऊ जेवायला बसला असता.

त्यातून रेघ कुठून ओढली यावरही आकडा बदलतो. काही जण त्रिकास्थी सोडून पाचव्या मणक्यापर्यंतच मोजतात; मग त्याच माणसाचा आकडा बराच खाली येतो. तेव्हा दोन ठिकाणचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून "सहा महिन्यांत इतका बाक कमी झाला" असा हिशेब घरी करू नका. मोजपट्टीच वेगळी असेल.

हा फरक येतो कुठून? मल्लेश्वरम किंवा बसवनगुडीतल्या चढाच्या रस्त्यांवरची जुनी घरं आठवा. जमीन तिरकी आणि घर मात्र सरळ उभं राहायला हवं, म्हणून कुठंतरी तो तिरकेपणा भरून काढावा लागतो. आपल्या कण्याचं जोतं म्हणजे त्रिकास्थीचा माथा. ते काही जणांत फार तिरकं असतं, काही जणांत बऱ्यापैकी आडवं. जोतं जितकं तिरकं, तितकं कण्याला मागं वळून डोकं पायांच्या वर आणावं लागतं. तितका बाक जास्त. जोतं आडवं असेल तर एवढी वळणं घ्यायची गरजच नाही, आणि पाठ सपाट दिसते.

हे जोतं किती तिरकं होऊ शकतं हे ठरतं पेल्विसच्या, पुस्तकी मराठीत श्रोणीच्या, घडणीवर. त्रिकास्थीचा माथा आणि खुब्याचे सांधे यांच्या रचनेतला एक कोन असतो. बसलात, उठलात, वाकलात तरी तो बदलत नाही. मूल चालायला लागल्यापासून वाढ पुरी होईपर्यंत तो थोडा थोडा वाढतो आणि मग जवळजवळ कायमचा ठरून जातो. निरोगी माणसांत तो ३५ अंशांच्या आसपासपासून ८० च्या वरपर्यंत सापडतो. मणक्याचे सर्जन मोठं ऑपरेशन आखताना रुग्णाच्या कमरेचा बाक किती असावा हे याच कोनावरून ठरवतात, साधारण दहा अंश इकडे किंवा तिकडे धरून. भिंतीवरच्या तक्त्यातल्या आदर्श माणसाचा आकडा ते घेत नाहीत. ज्याचा पेल्विस ४० चा आहे त्याला ६५ अंशांचा बाक द्यायला कुठलाही शहाणा सर्जन जाणार नाही. मग जिममधला पोरगा तो व्यायामानं कसा देणार?

२००५ सालीच लियॉनचे सर्जन पियर रूसूली यांनी १६० निरोगी माणसं तपासून चार ठेवणी सांगितल्या. एकीत बाक अगदी खाली आणि आखूड, वरची पाठ लांबवर बाहेर झुकलेली. दुसरीत सगळी पाठच सपाट. तिसरीत मध्यम वळण, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं चित्र. चौथीत खोल आणि लांबवर गेलेला बाक. चौघंही निरोगी. यात मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की शाळेच्या तक्त्यावर आपल्याला फक्त तिसरा माणूस दाखवला गेला, आणि बाकीचे तिघं जन्मभर स्वतःला वाकडे समजत राहिले.

हे सगळं एक्स-रेशिवाय पाहायचं असेल तर सकाळी आठला जयनगरातल्या कुठल्याही दर्शिनीत जा. बंगळूरकर तिथं छातीएवढ्या उंच स्टीलच्या टेबलांशी उभ्यानं इडली-वडा खातात, आणि एक कॉफी दोघांत घेतात ती बाय-टू. बाजूनं पाहायला याहून सोयीची जागा नाही. मागच्या रविवारी माझ्या समोर गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा होता, शर्ट मानेपासून पट्ट्यापर्यंत सरळ रेषेत उतरलेला, मध्ये कुठं खळगा नाही. त्याच्या शेजारी सुती साडीतल्या एक बाई, कमरेत एवढा खोल बाक की पदराचं टोक पाठीला न टेकता लोंबत होतं. पलीकडे पांढऱ्या पंच्यातले एक आजोबा, गुडघ्यात किंचित वाकून, वरचं अंग पुढं झुकवून कॉफी फुंकत होते. तिघांनीही बशा स्वतः उचलून ठेवल्या आणि चालते झाले. यांच्यातला दुखरा कोण हे मला पाठ पाहून सांगता आलं नसतं.

बाईंचा बाक खोल दिसला त्याला आणखी एक कारण असू शकतं. बाहेरून दिसणारा खळगा आणि आतला हाडांचा कोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नितंब भरदार असले, पाठीचे स्नायू दोन्ही बाजूंनी वर आलेले असले, की खळगा खोल दिसतो. आत कोन साधाच असतो. तरी बायकांत सरासरी बाक थोडा जास्त सापडतो हेही खरं, आणि त्यामागं छान गोष्ट आहे. २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. बायकांच्या कमरेत पाचरीच्या आकाराचे मणके तीन, पुरुषांत दोन, असं त्यात दाखवलं होतं. गरोदरपणात पोटाचं ओझं पुढं येतं तेव्हा बाई मागं रेलून तोल सांभाळते, आणि ते रेलणं एकाच मणक्यावर न येता तिघांत वाटलं जातं. सातव्या महिन्यातल्या सुनेला "अशी काय पोट पुढं काढून चालतेस" म्हणणाऱ्या सासूबाईंना हे जरूर ऐकवा.

वय वाढतं तशा गाद्या उंचीनं कमी होतात, आणि बऱ्याच जणांत बाकही थोडा उतरतो. तो आपला ठरलेला प्रवास आहे.

आता भाच्याच्या रिपोर्टाकडे येते. एकाच माणसाचा बाक दिवसभरात शंभरदा बदलतो. उभ्यानं जेवढा असतो, तेवढा स्टुलावर बसल्यावर राहत नाही. बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो. बुटाची नाडी बांधायला वाकलात तर पुसूनच जातो. एमआरआय काढतात झोपवून. मशीनच्या त्या अरुंद पाटावर माणूस अर्धा तास हलू नये, त्याला बरं वाटावं म्हणून तंत्रज्ञ गुडघ्यांखाली उशी सरकवतो. तुम्ही आत्ता अंथरुणावर उताणे झोपून करून पाहा. पाय लांब ठेवून कमरेखाली हात सरकवा, मग गुडघे वर घ्या. कंबर गादीकडे खाली येते, हात दबतो. मशीननं टिपलं ते हे. भाच्याला विचारलं, "गुडघ्याखाली उशी होती का रे?" म्हणाला, "होती की, निळी."

त्यात तो दुखत्या कमरेनं गेलेला. दुखत असताना पाठीचे स्नायू कंबर घट्ट धरतात आणि बाक तात्पुरता कमी दिसू शकतो. दुखणं उतरलं की परततो. आणि तिसरी शक्यता सगळ्यात साधी. तो आमच्या मेहुण्यांच्या घराण्यातला आहे. त्या घरात सगळ्यांच्याच पाठी फळीसारख्या. लग्नाच्या अल्बममध्ये ओळीनं उभे आहेत, पाहून घ्या.

मग बाकाचा आणि दुखण्याचा काही संबंधच नाही का? अगदीच नाही असं म्हणणार नाही. काही अभ्यासांत कंबरदुखी असलेल्यांचा बाक सरासरीनं थोडा कमी निघाला, काहींत फरकच सापडला नाही. पण दुखणारे आणि न दुखणारे यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की नुसत्या कोनावरून एका माणसाबद्दल निदान करता येत नाही. रिपोर्टातल्या इतर ओळींचंही तेच. २०१५ साली तीन हजारांवर माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिलं गेलं. कुणालाही कंबरदुखी नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादी झिजलेली आणि ३० टक्क्यांत ती बाहेर फुगलेली सापडली. ऐंशीत पोचलेल्यांत झीज ९६ टक्क्यांत. केस पिकतात तशी गादी पिकते. म्हणून "गादी सरकली", "गॅप आला" हे शब्द घरात मोठ्यानं उच्चारण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा: "माझं दुखणं जिथं आणि जसं आहे, त्याच्याशी रिपोर्टातली कुठली ओळ जुळते?" कित्येकदा एकही जुळत नाही.

डॉक्टरांकडे जाताना आणखी एक करा. आपण मराठी माणसं मानेपासून माकडहाडापर्यंत सगळ्याला पाठ म्हणतो. एका बोटानं जागा दाखवा. इथल्या सरकारी दवाखान्यात रांगेत उभे असाल तर "सोंट नोवु" म्हणा, म्हणजे कंबर दुखते; बेन्नु म्हणजे पाठ. दुखणं पायात उतरतं का, खोकल्यावर वाढतं का, रात्री उठवतं का, हे कन्नडात नाही आलं तरी हातवाऱ्यांनी सांगता येतं.

घरी तपासायचं असेल तर भिंतीची जुनी पद्धत आहे. टाचा भिंतीपासून दोन-तीन बोटं पुढं, नितंब आणि खांद्याची पाती भिंतीला टेकवून सहज उभे राहा. कमरेमागं हात घाला. कुणाचा पंजा जेमतेम सरकतो, कुणाची अख्खी मूठ जाते. हे फक्त कुतूहल म्हणून करा, पास-नापास ठरवायला नको. माझी स्वतःची बोटं अडकतात, तेवढंच.

मला अधिक कामाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. बाक हलतो का? जमिनीवर हातापायांवर, मांजरासारखे उभे राहा. श्वास सोडत पाठ छताकडे गोल करा, मग श्वास घेत पोट खाली सोडा. आरशात किंवा घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगा. सपाट पाठीचा माणूस थोडीशी खळी पाडू शकला, खोल पाठीचा माणूस ती पुसू शकला, तर तुमची कंबर तिचं काम करते आहे. जी कंबर कुठल्याच दिशेला हलत नाही, लाकडासारखी राहते, ती दाखवायची.

इथं जरा थांबते, कारण दाखवायची वेळ केव्हा हे चुकलं तर बाकीच्या शंभर गोष्टी बरोबर असून उपयोग नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद दिवसागणिक कमी होते आहे, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा इस्पितळात त्याच रात्री पोचा. संध्याकाळचा बारीक ताप, घटतं वजन आणि रात्री वाढणारी कंबरदुखी असेल तर क्षयाची शंका घ्या; हाडांच्या क्षयाला पाठीचा कणा ही सगळ्यात आवडती जागा आहे, आणि आपल्या देशात ते दुर्मीळ नाही. पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असेल, पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

तरुणांतलं एक दुखणं नेहमी निसटतं. चाळिशीच्या आतला माणूस, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर आखडलेली, हिंडल्यावर बरं आणि विश्रांतीनं उलट वाईट, पहाटे दुखून जाग येते. हे महिनोन् महिने चाललं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना गाठा. या आजारात बाक खरोखर आणि कायमचा सपाट होत जातो, आणि लवकर औषध मिळालं तर पुष्कळ फरक पडतो. बंगळुरात असे रुग्ण मला बऱ्याचदा "खुर्चीमुळे झालंय" म्हणून दोन-दोन वर्षं खुर्च्या बदलून आलेले भेटतात.

क्रिकेटवेड्या पालकांसाठी एक सूचना. तेरा-चौदा वर्षांचा वेगवान गोलंदाज, मागं वाकल्यावर कमरेत एका बाजूला दुखतं, दोन आठवड्यांत थांबत नाही. याला बाकाचा दोष म्हणून पट्टा बांधू नका. मणक्याच्या मागच्या भागाला बारीक चीर गेलेली असू शकते. जसप्रीत बुमराला २०१९ साली कमरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे संघाबाहेर बसावं लागलं होतं. त्याच्यासारख्याला जे चुकलं नाही ते कब्बन पार्कजवळच्या अकादमीतल्या पोराला चुकेल असं नाही. विश्रांती वेळेवर मिळाली तर बहुतेक मुलं पुन्हा खेळतात.

हे सगळं वगळलं की उरतात ते आपण, म्हणजे दहांतले नऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि त्यातल्या सुमारे ९० टक्क्यांत एखादं ठराविक हाड किंवा गादी दोषी धरता येत नाही. या दुखण्याचा उतार बाक दुरुस्त करून येत नाही. याच संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि समजावून सांगणं यांवर भर आहे, आणि कमरेचे पट्टे व कंबर ओढून ताणणारं ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात नकोत असं स्पष्ट लिहिलं आहे. दुकानात दीड-दोन हजारांचा पट्टा घेण्याआधी हे आठवा. प्रवासात एखाद दिवस बांधलात तर मी भांडणार नाही.

व्यायाम कुठला? सपाट पाठवाल्यांना कुणीतरी भुजंगासन आणि चक्रासन करून "बाक आणायला" सांगतं, खोल पाठवाल्यांना पोट आत ओढून "बाक घालवायला". दोघंही हाडांच्या घडणीशी कुस्ती खेळत बसतात. बी. के. एस. अय्यंगार जन्मले इथून जवळच, कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूरला, १९१८ साली. आणि १९३७ पासून पुण्याचे झाले. दोर, विटा, लोड, खुर्च्या लावून त्यांनी आसन माणसाच्या शरीराला बेतलं. त्यांच्या पद्धतीतली ही एक गोष्ट मी रोज वापरते. पाठ सपाट असेल तर भुजंगासनात कोपरं जमिनीवरच ठेवा, तेवढं पुरे. पाठ खोल असेल तर शवासनात गुडघ्याखाली लोड घ्या, आणि उभ्यानं पोट सतत आवळून धरायचं सोडून द्या.

सुरुवात अशी करा. उताणे झोपा, गुडघे वाकवून तळवे जमिनीवर. कंबर हलकेच जमिनीकडे दाबा, सोडा, मग किंचित उचला, सोडा. जोर लावू नका. आतून कुणी पाळणा झुलवतंय एवढीच हालचाल. दहा वेळा. मग मघाचं ते मांजर, पाठ गोल करून मग पोट खाली सोडायचं, दहा वेळा. मग नितंब उचलून पूल करायचा, पाच श्वास थांबायचं, आठेक वेळा. हे सगळं सात-आठ मिनिटांत होतं. दुखणं कमरेत थोडं जाणवलं तर चालेल. पायात खाली खाली उतरू लागलं तर तो प्रकार थांबवा आणि दाखवा. यानंतर चालणं. लालबाग २४० एकरांची आहे, तिथं एक फेरी मारली तर कमरेला जे हवं ते बहुतेक मिळतं, वर सावली फुकट.

बसण्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात उरकते. एकच उत्तम बैठक नाही. ताठ बसा, रेला, मांडी घाला, पोकही काढा. फक्त अर्ध्या-पाऊण तासाच्या वर एकाच ठेवणीत राहू नका. मोटारीत पाठ काटकोनापेक्षा थोडी मागं कलती ठेवा. पट्ट्याच्या रेषेत टॉवेलची गुंडाळी सपाट पाठवाल्यांना बऱ्याचदा टोचते आणि खोल पाठवाल्यांना आवडते. आवडली तर ठेवा. सिल्क बोर्ड चौकातल्या वाहतूककोंडीत अडकलात तर सीटवरच कंबर पुढंमागं झुलवा, शेजारच्या गाडीतल्याला वाटू दे काय वाटायचं ते. दुचाकीवाल्यांनी हंप आला की पायांवर किंचित उठावं. धक्का गुडघ्यांनी घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी असेल तर ऑगस्ट २०२५ पासून आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र मेट्रो सुरू झाली आहे. तिच्यात जागा मिळाली नाही तर हळहळू नका, उभं राहणं आणि जिने हाही व्यायामच.

नुकतीच उसण भरली असेल तर दोन दिवस बेतानं घ्या, शेक द्या, पण अंथरूण धरू नका. बरीचशी दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. सहा आठवड्यांनंतरही फरक नसेल तर पुन्हा तपासून घ्या.

भाच्याचं तिसऱ्या आठवड्यात उतरलं. बाक परतला का, हे पाहायला त्याला पुन्हा एमआरआय काढायचा होता. मी नको म्हटलं. आधीची फिल्म मात्र जपायला सांगितली, कधी पुढं गरज पडली तर तुलनेला लागते. त्यानं ती गुंडाळी करून, रबर लावून कपाटाच्या मागं उभी सारली होती. आता ती त्याच्या गादीखाली आहे, सपाट.